जुन्या व्हिडिओ टेपमधला दोष आधी वाचनात शोधावा

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

घरातल्या जुन्या व्हिडिओ कॅसेट संगणकावर उतरवून घेण्याचे काम सध्या अनेक कुटुंबे करीत आहेत. ते लवकर झाले पाहिजे याबद्दल दुमत नाही. पण या कामात चित्र उड्या मारू लागले, पडद्यावर मुंग्या आल्या किंवा आवाज ओठांच्या मागे पडू लागला की बहुतेकांचा निष्कर्ष दोनपैकी एक असतो. एक तर टेप आता संपली, किंवा मग आधी जसे येते तसे उतरवून घेऊ आणि संगणकावर नंतर दुरुस्त करू. गेली काही वर्षे मी आमच्या घरातल्या आणि नातेवाइकांच्या कॅसेट स्वतः उतरवीत आले आहे, आणि त्या अनुभवावरून मला कळकळीने सांगावेसे वाटते की हे दोन्ही निष्कर्ष बहुतेक वेळा चुकीचे असतात. दोष पुष्कळदा टेपवर नसतो, तर ती वाचणाऱ्या यंत्रात किंवा यंत्र आणि संगणक यांच्या मधल्या दुव्यात असतो. आणि वाचताना जे हातून निसटले ते नंतर कोणतेही सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही.

याची जाणीव मला ज्या कॅसेटमुळे झाली तिच्याबद्दल आधी सांगते. माझे वडील धाकट्या भावाला सायकल शिकवीत असतानाचे ते चित्रीकरण आहे. कॅमेरा वडिलांच्याच हातात असल्यामुळे ते स्वतः चित्रात कुठेच नाहीत. आहे तो फक्त त्यांचा आवाज, ‘समोर बघ, चाकाकडे नको’ असे पुन्हा पुन्हा सांगणारा. कॅमेऱ्यातल्या लहान टेपवरून ते व्हीएचएस कॅसेटवर उतरवले गेले होते आणि मूळ टेपवर पुढे दुसरेच काही चित्रित झाले, म्हणून ही एकच प्रत उरली होती. ती मी पैसे देऊन उतरवून घेतली. हाती आलेल्या फायलीत चित्राचा वरचा भाग एका बाजूला झुकलेला होता, आवाजावर भुंग्यासारखी सलग गुणगुण होती, आणि दहाव्या मिनिटापर्यंत वडिलांचे शब्द भाऊ पडून उठल्यावर ऐकू येत होते. वर सफाईच्या नावाखाली भावाचा चेहरा मेणाचा वाटावा इतका गुळगुळीत केलेला होता. टेपच खराब आहे, यापेक्षा चांगले होणार नाही, असे मला सांगण्यात आले. सुदैवाने कॅसेट मी परत मागून घेतली होती. पुढे तीच कॅसेट नीट साफ केलेल्या दुसऱ्या यंत्रात लावली तेव्हा चित्र सरळ उभे राहिले आणि गुणगुण नाहीशी झाली. टेप तीच होती. बदलले होते ते वाचन.

असे का होते हे समजण्यासाठी टेप वाचली कशी जाते ते थोडे पाहावे लागेल. व्हीएचएस ही पद्धत १९७६ मध्ये आली. तिची टेप सुमारे १२.६५ मिलिमीटर रुंद असते आणि पाल या आपल्याकडच्या टीव्ही-चित्राच्या पद्धतीच्या नेहमीच्या वेगात सेकंदाला जेमतेम २३ मिलिमीटर पुढे सरकते. एवढ्या संथ टेपवर चित्राची सगळी माहिती मावत नाही, म्हणून ६२ मिलिमीटर व्यासाचा एक ड्रम, त्यावर बसवलेल्या हेडसह (टेपवर चुंबकीय नोंद करणाऱ्या आणि वाचणाऱ्या टोकांसह), सेकंदाला २५ वेळा फिरतो आणि टेपवर तिरक्या रेघा ओढत जातो. त्यामुळे हेड आणि टेप यांचा परस्परांच्या तुलनेतला वेग सेकंदाला सुमारे ४.८५ मीटर होतो. प्रत्येक तिरकी रेघ म्हणजे अर्धे चित्र, आणि तिची रुंदी ४९ मायक्रॉन, म्हणजे डोक्यावरच्या केसाहूनही कमी. टेप अर्ध्या वेगाने चालवून भरली असेल तर ही रुंदी आणखी निम्मी होते. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी एका यंत्राने ओढलेल्या या रेघांवरून आज दुसऱ्या यंत्राचे हेड नेमके त्याच वाटेने जायला हवे असते. रबर कडक झालेले, ताण सैल पडलेला, हेडवर धुळीचा थर बसलेला, असे ते यंत्र असेल तर वाट चुकणारच. आणि वाट चुकली की पडद्यावर जे दिसते त्याला आपण टेपचा दोष म्हणतो.

म्हणून पहिली कसोटी अगदी साधी आहे. बिघाड दिसतो तो एखाद्या मिनिटाचा तुकडा तीन वेळा चालवून पाहावा. पांढरी रेघ प्रत्येक वेळी त्याच क्षणी, चित्राच्या त्याच जागी चमकत असेल तर दोष टेपवर आहे. ती दर वेळी जागा बदलत असेल, एकदा दिसून पुन्हा दिसत नसेल, तर दोष यंत्रात, जोडणीत किंवा संगणकात आहे. त्यानंतर हाच तुकडा संगणक मध्ये न घालता थेट टीव्हीवर पाहावा. तिथे चित्र ठीक असेल तर संशयाची जागा आणखी आकसते. शेवटी त्याच यंत्रात दुसरी, चांगली चालणारी कॅसेट लावून पाहावी. या तीन गोष्टींना अर्धा तास पुरतो, आणि त्या न करता दुरुस्तीला हात घालणारा माणूस अंधारात चाचपडत असतो.

अर्थात हे सगळे कॅसेट यंत्रात घालण्याजोगी असेल तरच. आधी ती खिडकीपाशी नेऊन नीट न्याहाळावी. व्हीएचएस कॅसेटच्या कडेला एक छोटी कळ असते. ती दाबली की पुढची झडप वर उचलता येते आणि आतली टेप दिसते. टेप सपाट, काळी आणि चकचकीत असावी. कडा दुमडलेल्या, चुरगळलेल्या नसाव्यात. मग पारदर्शक खिडकीतून रिळाच्या कडेकडे पाहावे. गुंडाळीवर पांढरट भुकटी किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे. अशी कॅसेट कोणत्याही परिस्थितीत यंत्रात घालू नये. बुरशीचे कण हेडवर आणि टेपच्या वाटेवर बसतात, आणि त्यानंतर त्या यंत्रात जाणारी प्रत्येक कॅसेट दूषित होते. शिवाय ती श्वासावाटे आत जाणे प्रकृतीलाही चांगले नाही. ते काम सरावलेल्या हातांवरच सोपवावे. टेप चालताना किंचाळल्यासारखा आवाज आला, ती चिकटत पुढे गेली, तपकिरी चिखलासारखा थर मागे राहिला, तरी लगेच थांबावे. टेपवरचे चुंबकीय कण ज्या चिकट द्रव्याने धरून ठेवलेले असतात ते ओलाव्याने विघटित होऊ लागल्याची ती खूण असते. अशा टेप नियंत्रित उष्णतेत तासन्‌तास ठेवून तात्पुरत्या वाचनीय करण्याची पद्धत अभिलेखागारांत आहे, पण ती वाचून कोणी घरातल्या ओव्हनमध्ये कॅसेट ठेवू नये, ही माझी हात जोडून विनंती आहे.

कॅसेट निरोगी दिसत असेल तर तिच्या पाठीवरची प्लॅस्टिकची छोटी पट्टी आधी मोडून टाकावी, म्हणजे चुकून रेकॉर्डचे बटण दाबले गेले तरी त्यावर काही भरले जाणार नाही. थंड जागेतून आणलेली कॅसेट एक दिवस खोलीतच राहू द्यावी, कारण टेपवर किंवा ड्रमवर दव धरले तर टेप ड्रमला चिकटून बसते. त्यानंतर ती एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा सुरुवातीपर्यंत मागे गुंडाळून घ्यावी. वर्षानुवर्षे एकाच स्थितीत पडून राहिलेल्या गुंडाळीत काही वेटोळे घट्ट, काही सैल झालेले असतात. या एका फेरीने ताण सारखा होतो आणि चित्राचे डोलणे पुष्कळदा तेवढ्यानेच कमी होते. कॅसेटचा सांगाडाच तुटला असेल, झडप अडकत असेल किंवा रीळ फिरत नसेल तर खालचे पाच स्क्रू काढून दोन्ही रिळे दुसऱ्या चांगल्या सांगाड्यात बसवता येतात. मात्र उघडण्यापूर्वी टेप कोणत्या खुंट्यांवरून कशी गेली आहे याचा फोटो काढून ठेवावा. टेप तुटली असेल तर ती जोडण्यासाठी खास पट्टी मिळते. घरातली साधी चिकटपट्टी वापरू नये; तिचा डिंक पाझरून थेट हेडवर जातो.

यंत्राच्या सफाईबद्दल थोडे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण सर्वांत जास्त नुकसान मी इथेच झालेले पाहिले आहे. चालता चालता चित्र एकाएकी मुंग्यांनी भरून जाते आणि आवाज मात्र येत राहतो, तेव्हा बहुधा हेडच्या फटीत टेपवरचा भुगा अडकलेला असतो. यंत्र बंद करून, वायर काढून, वरचे झाकण उघडावे. कापसाची काडी ड्रमला लावू नये. तिचे तंतू हेडच्या टोकात अडकतात आणि ते टोक फेराइटचे, काचेसारखे ठिसूळ असते. गुळगुळीत, धागे न सुटणाऱ्या मऊ चामड्याची पट्टी शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओली करावी, ती ड्रमच्या कडेवर अलगद टेकवून एका जागी स्थिर धरावी आणि दुसऱ्या हाताने ड्रम वरून धरून सावकाश फिरवावा. पट्टी वरखाली कधीही घासू नये, कारण तशा एकाच हालचालीत हेड तुटू शकते. पट्टीवर उमटलेली काळी-तपकिरी रेघ पाहिली की इतका वेळ आपण कशातून चित्र पाहत होतो ते कळते. मग टेप ज्या धातूच्या दांड्यावरून ओढली जाते तो, बाजूचे मार्गदर्शक खांब आणि स्थिर हेड पुसून घ्यावेत. रबरी रोलरला अल्कोहोल बेताचेच लावावे. वारंवार लावल्याने रबर कडक होते आणि मग टेप घसरू लागते. सगळे पूर्ण वाळल्यावर पहिल्यांदा एखादी निरुपयोगी कॅसेट चालवावी. मौल्यवान कॅसेटवर यंत्राची परीक्षा घेण्याची चूक करू नये.

यानंतर ट्रॅकिंग. पडद्यावर मुंग्यांचा आडवा पट्टा स्थिर दिसतो किंवा हळूहळू वर-खाली सरकतो, तो हेड आणि रेघ यांचा मेळ न बसल्यामुळे. टेपच्या एका कडेला नियंत्रणाचे स्पंद नोंदलेले असतात आणि त्यांच्या आधारे यंत्र हेडची वेळ जुळवते. बरीच यंत्रे हे आपोआप करतात, पण झिजलेल्या टेपवर ती सारखी शोधत राहतात आणि चित्र स्थिरावत नाही. तिथे स्वयंचलित सोय बंद करून हाताने जुळवणेच बरे. पट्टा चित्राच्या वरच्या किंवा खालच्या कडेला अडून बसला आणि कितीही जुळवले तरी हलेना, तर टेपचे मार्गदर्शक खांब मूळ यंत्राच्या तुलनेत उंच-सखल आहेत असे समजावे. ते खांब फिरवून जुळवता येतात, पण ऑसिलोस्कोपवर, म्हणजे संकेताची लहर पडद्यावर दाखवणाऱ्या उपकरणावर, हेडचा संकेत पाहत काम करणाऱ्या तंत्रज्ञाकडूनच ते करून घ्यावे. अंदाजाने फिरवलेला खांब टेपची कडा कापू शकतो.

माझ्या वडिलांच्या आवाजावरची गुणगुण याच ट्रॅकिंगची होती. हाय-फाय आवाज असलेल्या कॅसेटवर ध्वनी दोन ठिकाणी असतो: एकदा टेपच्या कडेला सरळ पट्टीत, आणि एकदा फिरत्या हेडने चित्राच्याच तिरक्या रेघांखाली नोंदलेला. दुसरा आवाज फार स्वच्छ असतो, पण हेडची वाट जराशी चुकली की सेकंदाला ५० वेळा होणाऱ्या हेडच्या अदलाबदलीचा ठोका त्यात मिसळतो आणि भुंगा सुरू होतो. ट्रॅकिंग जुळूनही तो राहिला तर यंत्राच्या मेनूमध्ये किंवा रिमोटवर ध्वनीची निवड असते. तिथे कडेची साधी पट्टी निवडावी. हा आवाज किंचित दबका असतो, पण त्यात भुंगा नसतो. आमच्या कॅसेटमध्ये मी दोन्ही आवाज वेगवेगळे उतरवून घेतले. ट्रॅकिंग जुळलेल्या भागात हाय-फाय ठेवला आणि सायकल कुंपणाला धडकते त्या अर्ध्या मिनिटात, जिथे टेप चुरगळली आहे, कडेचा आवाज जोडला. त्या अर्ध्या मिनिटात वडील हसतात. पहिल्या फायलीत ते हसू ऐकूच येत नव्हते.

आता वाकलेल्या आणि थरथरणाऱ्या चित्राकडे येते. जुन्या टीव्हीवर ठीक दिसणारी कॅसेट संगणकावर का बिघडते, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. टेप थोडी ताणली जाते, मोटरचा वेग किंचित कमी-जास्त होतो, त्यामुळे चित्राची प्रत्येक ओळ अचूक वेळेवर सुरू होत नाही. काचेच्या नळीचा जुना टीव्ही येणाऱ्या संकेताच्या मागोमाग जात असे आणि हे चढउतार निभावून नेत असे. संगणकाला जोडलेले कॅप्चर उपकरण मात्र घड्याळ लावून बसलेले असते. पाल पद्धतीत एक ओळ ६४ मायक्रोसेकंदांची. तिचे नमुने सेकंदाला १ कोटी ३५ लाख या गतीने घेतले जातात, म्हणजे एखादी ओळ एकच मायक्रोसेकंद उशिरा आली तर ती पडद्यावर साडेतेरा ठिपके सरकलेली दिसते. दाराची उभी चौकट नागमोडी होते, ती यामुळे. चित्राचा माथा झेंड्यासारखा एका बाजूला उडतो, तोही टेपच्या ताणातल्या फरकामुळे.

यावरचा उपाय म्हणजे टाइम बेस करेक्टर. हे उपकरण ओळी काही काळ साठवून घेते आणि ठरलेल्या वेळी एकेक करून पुढे सोडते. काही वरच्या दर्जाच्या एस-व्हीएचएस (व्हीएचएसच्या सुधारित पद्धतीच्या) यंत्रांत ते आतच असते आणि ओळींचे डोलणे थांबवते. स्वतंत्र, पूर्ण चित्र साठवणारे उपकरण संगणकाकडे जाणारी लय अखंड ठेवते. ही दोन वेगळी कामे आहेत आणि एकाने दुसऱ्याची गरज भागत नाही, हे विक्रेते क्वचितच सांगतात. असे उपकरण नसेल तर काही डीव्हीडी रेकॉर्डरमधून संकेत नुसता आरपार नेला तरी तो बराच सावरतो. मी स्वतः बराच काळ यावरच भागवले. उलट, फारच खराब टेपवर यंत्राच्या आतला करेक्टर गोंधळतो आणि चित्र अधिकच उड्या मारू लागते. तेव्हा तो बंद करून पाहावा. जोडणीसाठी यंत्रात एस-व्हिडिओची सोय असेल तर तीच वापरावी; तिच्यात प्रकाश आणि रंग वेगळे राहतात आणि कडांवर रांगणारे ठिपके दिसत नाहीत.

आवाज मागे पडण्याचे कारणही याच लयीत आहे. संकेत क्षणभर तुटला की कॅप्चर उपकरण ते चित्र गाळते किंवा आधीचेच पुन्हा लिहिते. ध्वनी मात्र आपल्या गतीने पुढे जात राहतो. तासाभराच्या टेपमध्ये अशी शंभर चित्रे गळली तर आवाजात चार सेकंदांचे अंतर पडते. उतरवून झाल्यावर संपूर्ण आवाज पुढे-मागे सरकवणे हा यावरचा उपाय नव्हे, कारण अंतर सुरुवातीला शून्य आणि शेवटी चार सेकंद असते. कॅप्चर करताना सॉफ्टवेअर गळलेल्या चित्रांची संख्या दाखवते. तिच्यावर नजर ठेवावी आणि ती वाढू लागली तर तिथेच थांबून कारण शोधावे. त्याच वेळी संगणकावर दुसरे काम चालू असेल, हार्ड डिस्क संथ असेल, चित्र एका उपकरणातून आणि ध्वनी दुसऱ्याच साउंड कार्डातून येत असेल, तरीही असे घडते. आणखी एक विचित्र बिघाड आहे. स्वतः चित्रित केलेल्या घरगुती टेपचा उजेड आपोआप कमी-जास्त होतो, किंवा उपकरण ‘संरक्षित चित्रफीत’ असा संदेश देऊन थांबते. झिजलेल्या टेपवर चित्राच्या वर असलेल्या न दिसणाऱ्या ओळींमधली खरखर काही उपकरणांना कॉपी रोखणाऱ्या खुणांसारखी वाटते, म्हणून हे होते. संकेत स्थिर करणारे उपकरण मध्ये घातले की ही अडचण सहसा सुटते.

काही गोष्टी मुळात दोषच नसतात, तरी त्यांच्यावर तासन्‌तास खर्च होतात. चित्राच्या अगदी तळाशी सहा-आठ ओळींची खरखर दिसते ती एका हेडकडून दुसऱ्या हेडकडे जाताना होणारी नेहमीची गोष्ट आहे. जुन्या टीव्हीच्या चौकटीआड ती लपत असे. तसेच हलत्या वस्तूंच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात, कारण टेपवर सेकंदाला ५० अर्धी चित्रे असतात आणि संगणक दोन-दोन जोडून दाखवतो. त्या घालवण्यासाठी अर्धी चित्रे सरसकट फेकून देणारे लोक मी पाहिले आहेत. त्याने हालचालीतला सलगपणा कायमचा जातो. मूळ फाइल आहे तशीच ठेवावी आणि पाहण्याची प्रत करताना अर्ध्या चित्रांपासून सेकंदाला ५० पूर्ण चित्रे बनवावीत.

टेपवरचा चुंबकीय थर खरोखरच निघाला असेल तर त्या जागी पांढरी रेघ चमकते. बऱ्याच यंत्रांत आधीच्या ओळीची नक्कल तिथे भरण्याची सोय असते. तिच्या पलीकडे काम करायचे असेल तर तोच भाग तीन वेळा, शक्य तर दोन वेगळ्या यंत्रांतून उतरवावा आणि सॉफ्टवेअरमध्ये तिन्ही वाचने एकमेकांवर ठेवून प्रत्येक ठिपक्याची मधली किंमत घ्यावी. जे एका वाचनात निसटले ते दुसऱ्यात बहुधा मिळते. मिनी डीव्ही टेपच्या बाबतीत तर हे तत्त्व फारच उपयोगी आहे. १९९५ मध्ये आलेल्या त्या टेपवर मुळातच आकडे असतात, म्हणून ती साध्या व्हिडिओ वायरने उतरवणे चूक. फायरवायर या डिजिटल जोडणीने ती माहिती जशीच्या तशी संगणकावर घ्यावी. तिथे बिघाड चौकोनी तुकड्यांच्या रूपात दिसतो, आणि चित्रभर आडव्या पट्ट्यांत एकाआड एक तुकडे फुटले तर दोनपैकी एक हेड बुजले आहे असे ओळखावे. डीव्हीरेस्क्यू नावाचे मुक्त सॉफ्टवेअर अनेक वाचनांतले चांगले तुकडे जोडून एक सलग फाइल करून देते.

हे सगळे केल्यानंतरच संगणकावरच्या सफाईकडे वळावे, आणि तिथेही हात आखडता ठेवावा असे माझे ठाम मत आहे. व्हीएचएसच्या चित्रात तपशील मुळातच मोजका, जेमतेम २४० उभ्या रेघांचा असतो. खरखर पुसणारे सॉफ्टवेअर तिच्याबरोबर त्वचेचा पोतही पुसते, आणि चित्र मोठे करणारी नवी साधने तर जो तपशील नव्हताच तो रचून भरतात. डोळे टोकदार दिसतात, पण ते त्या माणसाचे डोळे नसतात. म्हणून मूळ फाइल कोणतीही सफाई न करता, एफएफव्ही१ किंवा हफवाययूव्ही अशा काहीही न गमावणाऱ्या स्वरूपात ठेवावी. तासाला साधारण ३० ते ४० जीबी जागा लागते, पण हार्ड डिस्क पुन्हा विकत घेता येते. घरात पाहण्यासाठी तिच्यापासून लहान एमपी४ करावी. काम बाहेरून करून घेणाऱ्यांनी ही मूळ फाइल आणि स्वतःची कॅसेट, दोन्ही परत मागावीत. ती मागणी ऐकून समोरचा गडबडला तर काम त्याच्याकडे न देणे बरे.

कॅसेट उतरवून झाली म्हणून फेकून देऊ नये, याला आणखी एक कारण आहे. हेडमधून येणारा कच्चा संकेतच थेट नोंदवून चित्र पूर्णपणे सॉफ्टवेअरमध्ये उलगडण्याचे व्हीएचएस-डीकोडसारखे प्रयत्न आता चांगले आकाराला आले आहेत. त्यात यंत्राच्या आतल्या जुन्या इलेक्ट्रॉनिक्सवर अवलंबून राहावे लागत नाही आणि वेळेची दुरुस्तीही गणितानेच होते. पण त्यालाही फिरता ड्रम, शाबूत हेड आणि टेप सरळ चालवणारे यंत्र लागतेच. व्हीएचएस यंत्रे बनवणाऱ्या शेवटच्या ज्ञात कंपनीने, जपानच्या फुनाईने, २०१६ च्या जुलैमध्ये उत्पादन थांबवले. तेव्हापासून जगात जेवढी यंत्रे आहेत तेवढीच आहेत, आणि दर वर्षी त्यांतली कितीतरी भंगारात जातात. ज्यांच्याकडे चालू व्हीसीआर पडून आहे त्यांनी तो मोडीत काढू नये. बंद पडलेला असला तरी त्याचे हेड आणि रोलर दुसऱ्या यंत्राला उपयोगी पडतात.

शेवटी आपल्याकडे एक विनंती आहे. ही यंत्रे वर्षानुवर्षे दुरुस्त करणारे, खांब जुळवणारे, ताण मोजणारे तंत्रज्ञ आजही आपल्या वाचकांत असतील. टेपचा ताण ते कसा तपासतात, कडक झालेल्या रबरी पट्ट्यांच्या जागी काय बसवतात, जुळवणीसाठी लागणारी प्रमाण कॅसेट नसताना काय करतात, हे सारे बहुतांशी त्यांच्या हातांत आणि स्मरणातच आहे. त्यांनी ते लिहावे आणि आपण त्याला आपल्या दैनिकात जागा द्यावी. माझ्याकडे अजून अकरा कॅसेट उतरवायच्या बाकी आहेत. त्यांतल्या एकीत टेपचा ताण मध्येच सुटतो, आणि त्यावरचा उपाय मला अद्याप सापडलेला नाही. कोणी तो जाणत असेल तर त्याचे पत्र मी आपल्या अंकात उत्सुकतेने शोधेन.

आपली नम्र,
एक नियमित वाचक